दरड धरली ती कातळीनं

आमची कंपनीची बस नाशिक फाट्याचा पूल चढत होती, आणि माझ्या शेजारी बसलेल्या मैत्री ओव्हाळनं स्वतःच्या मांडीवर अशी बुक्की मारली की पुढच्या सीटवरच्या बायकांनी वळून पाहिलं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"सतरावा नंबर!" ती म्हणाली. "सतरावा! त्या बोलक्या घोड्याच्या खाली!"

मला वाटलं, कुठल्या तरी परीक्षेचा निकाल लागला असेल. पण तिनं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. 'कोण भारी' नावाचा एक ग्रुप होता. मोबाइलवर ऐकायच्या गोष्टी असतात ना, रोज एक भाग येतो, त्या ऐकणाऱ्या लोकांचा. त्या गोष्टींतल्या पात्रांपैकी कोण कोणाला हरवेल यावर ही मंडळी दिवसरात्र भांडत आणि शेवटी नंबर लावत. जी माणसं जन्मालाच आली नाहीत त्यांच्या कुस्त्या लावणारी माणसं जगात असतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि सतराव्या नंबरावर ढकललेली बाई मैत्रीची होती. म्हणजे तिनं लिहिलेली.

मी रूपाली. मूळची बीडकडची, लग्न होऊन पिंपळे गुरवला आले. मैत्री तिथलीच. तिचे वडील ज्ञानदेव पिंपरीच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला, आणि नंतर काही वर्षांनी तेही गेले. आता घरात ती आणि तिची आई सोजरबाई. चाकणला आम्ही दोघी एकाच लाइनवर उभ्या राहतो. गाडीच्या आत वायरींची जी जाडजूड जुडी असते ती बांधायचं आमचं काम. हात चालत असतात आणि डोकं मोकळं असतं. माझं डोकं भाजी काय करायची यात जायचं. मैत्रीचं गोष्टीत.

जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर दोन अंगठ्यांनी लिहीत बसायची. एकदा चिंचवडच्या एका स्टुडिओनं गोष्टी मागवल्या, हिनं पाठवली आणि ती त्यांनी घेतली. 'घाटाची राखण' तिचं नाव. कातळी नावाची एक बाई घाटात एकटी राहते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना जपते. सोबत तेजराज नावाचा एक तलवारवाला, पण मैत्रीच्या लेखी तो पाहुणा. मालिका चांगली चालली. लेखिकेचं नाव मात्र कुठं ऐकू यायचं नाही. 'कथा – स्टुडिओ टीम' एवढंच. त्यामुळं 'कोण भारी'वर मैत्री ही मैत्री नावाची एक साधी श्रोती होती.

त्या दिवशी चाकण येईपर्यंत ती भांडत राहिली. ग्रुपचा नियम एकच होता, आणि तो रावेतच्या अर्जुनराव नावाच्या एका माणसानं घालून दिला होता. पात्रानं करून दाखवलं तेवढंच मोजायचं. त्याच्याबद्दल कोण काय म्हणतं ते मोजायचं नाही.

मैत्रीनं लिहिलं, 'दर भागाच्या सुरुवातीला निवेदक सांगतो, "कातळी! जिच्यापुढं डोंगर वाकतो!" हे तुम्हाला ऐकू येत नाही का?'

अर्जुनरावांचं उत्तर आलं, 'येतं की. आता वाकलेला डोंगर कुठल्या भागात हाय तेवढं सांगा. आमी ऐकतो.'

मैत्री आठवायला लागली. आठवता आठवता मोशी आली, मोशीच्या सिग्नलला बस बराच वेळ अडकली, तरी तिला तसा भाग आठवेना. कातळीला दरोडेखोरांनी बांधून ठेवलं होतं, तो भाग होता. कातळी बेशुद्ध पडली होती, तो भाग होता. कातळी तेजराजाची वाट बघत कड्यावर उभी होती, असे तर बरेच भाग होते.

तेवढ्यात पुन्हा अर्जुनराव: 'आमच्या हितं जत्रंत कुस्त्या लागायच्या तवा पुकारणारा प्रत्येक पैलवानाला ढाण्या वाघ म्हणायचा. दोगंबी वाघ. मग एकाची पाठ लागायची. आमी पाठ धरायचो. वाघ कधी धरला न्हाई.'

मैत्रीचा तोल गेला. 'अहो, ती मालिका मी लिहिते!' तिनं लिहून टाकलं. 'मी सांगते, ती सगळ्यात भारी आहे!'

'सांगितलं,' अर्जुनरावांनी लिहिलं. 'आता दाखवा.'

ग्रुपभर हसण्याचे पिवळे चेहरे उमटले. कुणी म्हणालं, मी पण लेखक आहे. कुणी म्हणालं, मीच तो घोडा. मैत्रीचे कान लाल झाले होते. तिनं दात-ओठ खात टाइप केलं, 'येत्या गुरुवारी तेजराजाची तलवार विहिरीत पडणार, आणि ती पखालीचा रेडा वर काढणार. ऐका आणि मग हसा.'

गुरुवारी तलवार विहिरीत पडली आणि रेड्यानं काढली.

शुक्रवारी बसमध्येच तिला फोन आला. तिनं स्पीकर लावला. जाड, घोगरा आवाज. "लेखिकाबाई का?"

"हो."

"मी अर्जुनराव. तुमच्यावर हसलो त्याबद्दल चुकलं आमचं. पर एक सांगू का? आता तुमीच लिवताय म्हणल्यावर तर बोललंच पायजे. रेडा तलवार काढतोय, तिकडं दुसऱ्या मालिकंत तो बोलका घोडा दरवाजे फोडतोय. तुमची बाई तेवढी निस्ती आरती ओवाळायला ठिवलीय का?"

फोन ठेवल्यावर मैत्रीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. गेट आलं. बस थांबली, आम्ही कार्ड काढून रांगेत उभ्या राहिलो, तेव्हा ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरलेले होते, पण ते दुःखानं नव्हे.

"मी लिहिलं होतं रूपाली," ती म्हणाली. "मी तिला करायला दिलं होतं. त्यांनी कापलं."

जेवणाच्या सुट्टीत तिनं मला सगळं सांगितलं. सोजरबाई पूर्वी चिखलीच्या एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जायच्या. तिथं एकदा सुट्या भागांनी खच्चून भरलेला लोखंडी रॅक कलंडला. त्याच्या खालच्या अंगाला दोन पोरी बसून काम करत होत्या. सोजरबाईंनी वळून रॅकला पाठ लावली आणि पोरी सरपटत बाहेर पडेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग चार माणसं धावत आली. मालकही आला, आणि हात जोडून म्हणाला, "देवाची कृपा, म्हणून पोरी वाचल्या."

सोजरबाई म्हणाल्या, "देव नव्हता तिथं. मी होते."

त्यांची पाठ तेव्हापासून गेली ती गेलीच. अजून उशी घेतल्याशिवाय बसता येत नाही.

मैत्रीनं तोच प्रसंग कातळीला दिला होता. पावसानं घाट खिळखिळा झालाय, वरची वाडी रिकामी होतेय, लोक गुरंढोरं घेऊन खाली उतरताहेत, आणि वाटेच्या वरची एक प्रचंड दरड सुटायला लागते. कातळी तिला पाठ लावून उभी राहते. सगळी वाडी तिच्यासमोरून जाते. शेवटी एक म्हातारी येते, तिचं गाडगं घरंगळतं आणि ती ते उचलायला वाटेतच वाकते. कातळी तिच्यावर ओरडत नाही. म्हातारी जाते, शेवटची शेळी जाते, मग कातळी बाजूला होते आणि दरड दरीत कोसळते.

मालिकेत काय आलं होतं? कातळी दरडीला पाठ लावते. तिचे पाय थरथरतात. ती किंचाळते, "तेजराज!" आणि तेजराज येऊन तलवारीच्या एका घावात दरडीचे दोन तुकडे करतो.

तलवारीनं! दरडीचे!

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी चिंचवडच्या त्या स्टुडिओत गेलो. तिथला सिद्धेश आमच्यापेक्षा लहानच असेल, पण सगळे त्याला सर म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. वागायला गोड. खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली.

"ताई, दरडीचा सीन एकदम भारी होता," तो म्हणाला. "पण त्या वेळी तेजराज कुठे असतो?"

"वाडीत. लोकांना घराबाहेर काढत असतो. लिहिलंय मी."

"तेच ना. हिरो मागे गर्दी सांभाळतोय, हे श्रोत्यांना चालत नाही."

"आणि ती मदतीला ओरडते, हे चालतं?"

"नाही नाही, आपण तिला अजिबात कमी केलेलं नाही," सिद्धेश मनापासून म्हणाला. "उलट मोठं केलंय. आधी 'जिच्यापुढं डोंगर वाकतो' असं होतं. पुढच्या आठवड्यापासून आपण 'जिच्यापुढं आभाळ वाकतं' करतोय. वर ढोल पण टाकलेत."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. मला या गोष्टींशी तोपर्यंत काही घेणंदेणं नव्हतं. पण त्या क्षणी माझंही डोकं फिरलं, कारण तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं बाईला काहीतरी दिलंय. आमच्या कंपनीत आठ मार्चला गेटवर बॅनर लागतो, 'तुम्हीच आमची शक्ती', आणि प्रत्येकीला एक गुलाब मिळतो. गुलाब केसात खोचून आम्ही पुन्हा त्याच जागी उभ्या राहतो. लाइन लीडर कोणाला करायचं ते ठरवताना ती शक्ती कुणालाच आठवत नाही.

मैत्री म्हणाली, "सर, आभाळ तुम्हीच ठेवा. मला माझी दरड परत द्या."

सिद्धेश हसला. "पुढच्या सीझनला बघू ना, ताई."

तिथून बाहेर पडल्यावर मैत्रीला कुणाला तरी पटवायचं होतं. कुणाला तरी म्हणजे अर्जुनरावांना. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, या घरी, रुक्मिणी चहा करील.

रावेतला उंच इमारतींच्या एका संकुलात नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. खाली जिथं गाड्या उभ्या होत्या तिथं पूर्वी यांचाच ऊस असायचा. अर्जुनराव साठी ओलांडलेले, पण खांदे अजून दारात मावत नव्हते. दोन्ही कान तालमीत मोडून कांद्याच्या गड्ड्यासारखे झालेले. सकाळी नदीकाठी फिरायला जाताना ते मालिका ऐकत, आणि आल्यावर ग्रुपवर न्याय करत.

मैत्रीनं पाण्याचा पेलाही घेतला नाही. तिनं दरडीचा प्रसंग जसा लिहिला होता तसा तोंडानं सांगायला सुरुवात केली. मी तो आधी ऐकलेला होता, तरी माझ्या अंगावर काटा आला. रुक्मिणीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. गोष्ट संपली तरी हलेनात.

"म्हातारीनं गाडगं उचललं का शेवटी?" त्यांनी विचारलं.

"उचललं," मैत्री म्हणाली.

"बरं झालं बाई."

अर्जुनराव खाली मान घालून बसले होते. मग म्हणाले, "लई भारी. खरंच लई भारी."

"मग?" मैत्री पुढं सरकली. "आता कितवा नंबर?"

"सतरावाच."

"काय?"

"हे तुमी सांगितलं, पोरी. मालिकंत कुठं हाय?"

"अहो काका, ते कापलं त्यांनी!"

"व्हय, कापलं. वाईट केलं. त्यांची जीभ झडो. पर पैलवान घरातनं निघाला, वाटंत एष्टी बंद पडली आन् तो आखाड्यात पोचलाच न्हाई, तर त्यानं कुस्ती मारली म्हणून फेटा बांधायचा का?"

"अवो, पोरगी एवढी जीव तोडून सांगतीया," रुक्मिणीबाई कडाडल्या, "आन् तुमी एष्टी कसली काढताय?"

"मी काय म्हणतो—"

"काही म्हणू नका!" मैत्री उठली. चहा तसाच राहिला. लिफ्टचं दार लागताच तिचं तोंड सुटलं. "एक माझं कापतो," ती म्हणाली, "आणि दुसरा म्हणतो, कापलेलं मोजत नाही. दोघं मिळून तिला सतराव्या नंबरावर पुरणार. हा माणूस दगड आहे, रूपाली. दगड!"

मी म्हटलं, "मग तुझ्या कातळीचाच भाऊ." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मजल्यांचे आकडे बघायला लागले.

काही दिवस ती ग्रुपवरही गेली नाही. भाग लिहायची आणि पाठवायची, जीव नसल्यासारखी. आणि मग नवनाथचा घसा बसला.

नवनाथ म्हणजे तेजराजाचा आवाज काढणारा. त्याचा आवाजच गेला. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली. जेवणाच्या सुट्टीत सिद्धेशचा घाबराघुबरा फोन आला. मालिका थांबवता येणार नव्हती.

"ताई, तीन भाग द्या. कसेही द्या. फक्त तेजराजाचा एकही संवाद नको."

"तो कुठं गेला म्हणून सांगू?"

"कुठेही पाठवा हो! मावशीकडे पाठवा!"

मैत्रीनं फोन ठेवला आणि उरलेली भाकरी माझ्या डब्यात टाकली. तेव्हापासून ते तीन भाग संपेपर्यंत ती माझ्याशी धड बोललीच नाही. बसमध्ये अंगठे चालू, रांगेत अंगठे चालू. आता जुनी दरड तशीच पुन्हा आणता येणार नव्हती, तिचे तर तेजराजानं तुकडे केले होते. तिनं दुसरी आणली, पहिलीपेक्षा मोठी, आणि वाडीच्या जागी आख्खा बाजार घाट उतरायला लावला. म्हातारी मात्र तीच, आणि गाडगंही.

एका संध्याकाळी मी तिच्या घरी होते. सोजरबाई उशी टेकवून लसूण सोलत होत्या. मैत्रीनं विचारलं, "आई, रॅक अंगावर आला तेव्हा आधी काय दुखलं?"

"दुखत नाही गं तेव्हा," सोजरबाई म्हणाल्या. "आधी पाय कुठं रोवू ते कळत नाही. फरशी गुळगुळीत होती मेली. एकदा पाय सापडले की मग पाठीचं पाठ बघून घेते."

मैत्रीनं ते जसंच्या तसं लिहिलं. 'पाय सापडले' हे शब्दसुद्धा.

त्या तीन भागांतला शेवटचा, दरडीचा भाग आला. आम्ही तो बसमध्ये ऐकला, इअरफोनचं एक बोंडूक तिच्या कानात, एक माझ्या. भोसरी गेली, मोशी गेली, मला काही दिसलं नाही. कातळी त्या आख्ख्या भागात एक शब्द बोलत नाही. मिनल नावाची मुलगी कातळीचा आवाज काढायची, तिनं फक्त श्वास दिला होता. लोकांची पावलं, बैलांच्या घंटा, कुणाचं तरी रडणारं पोर, आणि या सगळ्यांच्या खाली तो श्वास. म्हातारीचं गाडगं घरंगळलं तेव्हा मी मैत्रीचा हात धरला. शेवटची शेळी गेली. दगड सुटल्याचा आवाज दरीत बराच वेळ घुमत राहिला. मग शांत.

मैत्रीनं डोळे मिटून घेतले होते. चेहरा असा, की आत्ताच हिच्या पाठीवरचं ओझं उतरलंय.

आणि निवेदक बोलला. "अशा प्रकारे, तेजराजानं दिलेल्या आशीर्वादाच्या बळावर कातळीनं घाट राखला!"

ढोल वाजले.

मैत्रीनं कानातलं उपटून काढलं. "आशीर्वाद?" ती ओरडली. "कसला आशीर्वाद? कधी दिला? कुठल्या भागात दिला? त्याचा तर घसा बसलाय!"

बसमधल्या बायका हसायला लागल्या. त्यांना काय माहीत. मला हसू आलं नाही. बाई तोंडातून हूं न काढता डोंगर पेलते, आणि जो तिथं नव्हताच, त्याच्या नावावर तो मांडला जातो, एका ओळीत, ढोल वाजवून! ती ओळ मैत्रीनं लिहिलेली नव्हती. तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

घरी सोजरबाईंनीही तो भाग ऐकला होता. ती ओळ आली तेव्हा त्यांनी काय म्हटलं ते मैत्रीनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. हातातली पोळी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या होत्या, "आला बघ देव."

'कोण भारी'वर तर कहर झाला. चिखलीचा एक जण म्हणाला, निवेदकानं स्पष्ट सांगितलंय, ताकद तेजराजाची होती. म्हणजे दरडीचं श्रेय तेजराजाच्या खात्यात जाणार. भराभर माना डोलल्या. तेजराज थेट दुसऱ्या नंबरावर गेला. कातळी सतरावी ती सतरावीच. मैत्रीनं मला फोन दाखवला, तिला स्वतःला वाचवत नव्हतं.

मग अर्जुनरावांचा आवाज आला. त्यांनी लिहिलं नाही, बोलून पाठवलं. मागून कुकरची शिट्टी आणि रुक्मिणीबाईंचा "सांगा त्यांना, चांगलं सांगा!" असा आवाजही येत होता.

"ऐका समदे. आशीर्वाद देताना कुणी ऐकला? भाग सांगा. न्हाई ना? कातळीपुढं आभाळ वाकतं असं निवेदक म्हणाला, तवा तुमीच मला म्हणलात, सांगितलेलं धरायचं न्हाई. आन् मी बी तेच म्हणलो. मग आता तेजराजासाठी कसं काय धरताय? तेजराज तुमचा जावई हाय का? दरड धरली ती कातळीनं. मी दोनदा ऐकलंय. त्या भागात तेजराज साधा शिंकला बी न्हाई."

चिखलीवाला म्हणाला, 'निवेदकाला सगळं माहीत असतं.'

अर्जुनराव म्हणाले, "सगळं म्हाईत हाय तर आभाळ कवा वाकलं ते विचारून घ्या त्याला. तंवर मी बसतो हितं."

दोन दिवस जुंपली. अर्जुनराव एकटे दहा जणांना पुरून उरले. जुने भाग काढून काढून ते लोकांना ऐकायला लावत होते. शेवटी मत घेतलं आणि कातळी तिसरी आली. तेजराज जिथं होता तिथं परत गेला.

मी म्हटलं, "आता तरी खूश?"

"नंबर मिळाला," मैत्री म्हणाली. "ओळ तिथंच आहे."

पुन्हा चिंचवड. या वेळी सिद्धेश दारापर्यंत आला. "ताई, तीनही भाग तुफान चाललेत! मी म्हटलं होतं ना, सीन भारी आहे!"

"मग शेवटची ओळ काढा."

"एकच ओळ आहे, ताई."

"एकच आहे ना? मग काढायला काय जड आहे?"

"नवनाथ परत येतोय. त्याच्या पात्राचं वजन राहायला हवं."

"वजन हवं तर त्याला काहीतरी करायला द्या!" मैत्रीचा आवाज चढला. काचेपलीकडची माणसं बघायला लागली. "मी लिहिते की. वणवा विझवू दे, विहीर खणू दे, पुरात उडी मारू दे. चांगलं लिहीन, माझी शपथ. पण तिनं केलेलं त्याच्या नावावर नको."

सिद्धेशनं थोडा विचार केला आणि आवाज मऊ केला. "असं करू. पुढच्या भागापासून तुमचं नाव जाहीर करू. कथा, मैत्री ओव्हाळ. रोज, सुरुवातीलाच."

मी मैत्रीकडे पाहिलं. या एका गोष्टीसाठी ती किती तळमळली होती ते मला माहीत होतं. सोजरबाईंना ती म्हणायची, एकदा माझं नाव ऐकू येऊ दे, मग चाळीत सगळ्यांना ऐकव.

"आणि ओळ?" तिनं विचारलं.

"ओळ राहील."

"म्हणजे तो आशीर्वाद माझ्या नावानं जाणार. ऐकणाऱ्याला वाटणार, मीच लिहिलं."

"तसं कोणी इतका विचार करत नाही हो ताई."

"मी करते," मैत्री म्हणाली, आणि उठली.

कातळी त्यांच्याकडे राहिली. करारात तसं होतं, पात्र त्यांचं. दुसऱ्या कुणीतरी लिहायला घेतलं. थोड्याच दिवसांत कातळीचं तेजराजाशी लग्न लागलं. आता ती खिडकीत उभी राहून त्याची वाट बघते, आणि निवेदक सुरुवातीला सांगतो, जिच्यापुढं त्रिभुवन वाकतं. मला हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते. मैत्री तो विषयच बदलते, आणि ते मला जास्त झोंबतं. ग्रुपवर अर्जुनरावांनी एक नवा नियम करून घेतला, की दरडीपर्यंतचीच कातळी मोजायची, पुढची धरायची नाही. "कुस्ती झाली," ते म्हणाले. "आता पैलवानाला वरातीत नाचवत्यात. ते आपण कशाला बघायचं?" त्यांनी मालिका ऐकणं सोडलं. मैत्रीला मात्र अधूनमधून फोन करतात, नवीन काय लिवलं म्हणून.

नवीन आहे. सुंदरा नावाची नावाडीण आहे, पवनेच्या काठची. स्टुडिओ नाही, नवनाथ नाही. मैत्री घरीच मोबाइलवर रेकॉर्ड करते, पंखा बंद करून, खिडक्यांना गोधड्या लावून. निवेदन सोजरबाईंचं. आवाज काय आहे त्या बाईचा! मी गेल्या रविवारी तिथं होते. घामानं आम्ही तिघी निथळत होतो. सोजरबाईंनी चष्मा लावला, मोबाइलवरची पहिली ओळ वाचली आणि थांबल्या.

"'महापराक्रमी सुंदरा घराबाहेर पडली.' हे महापराक्रमी कशाला?"

"अगं आई, सुरुवात आहे. ऐकणाऱ्याला कळायला नको का, ती कोण आहे ते?"

"काय कळायचंय? अजून तर तिनं नुसत्या चपला घातल्यात."

मैत्रीनं वैतागून मोबाइल हिसकावून घेतला, एवढं सगळं होऊन आपल्याच हातून ते कसं लिहिलं गेलं म्हणून स्वतःलाच दोन शिव्या घातल्या, आणि तो शब्द खोडला.